घर, दवाखाना आणि ई-मेलचा मेळ

सुरतेत व्यवसाय करणाऱ्या आपणा मराठी डॉक्टरांचा दिवस दोन जागी वाटलेला असतो. सकाळ-संध्याकाळ दवाखाना, दुपारची थोडी विश्रांती आणि रात्र घरी. पूर्वी या दोन जागांमधली ने-आण एका चामडी बॅगेतून होत असे. स्टेथॉस्कोप, प्रिस्क्रिप्शनचे पॅड, न उघडलेले एखादे वैद्यकीय नियतकालिक आणि उत्तर द्यायची राहिलेली दोन-चार पत्रे तीत सहज मावत. जेथे बॅग, तेथे पत्र, एवढा साधा हिशेब होता. ई-मेल आल्यापासून हा हिशेब बिघडला. घरच्या टेबलावर एक संगणक, दवाखान्यात दुसरा आणि खिशात मोबाइल, अशा तीन जागी एकच टपाल उघडते. ते तिन्ही जागी सारखेच दिसते का, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. दिसत नसेल तर त्याचा परिणाम रुग्णापर्यंत पोहोचू शकतो. म्हणूनच संगणकतज्ज्ञ नसतानाही, एक बालरोगतज्ज्ञ म्हणून, या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे.

वॉट्सअ‍ॅपच्या काळात ई-मेलचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. गप्पा, शुभेच्छा आणि सकाळची फुले तिकडे गेली, हे खरेच आहे. परंतु पॅथॉलॉजीचे अहवाल, विमा कंपन्यांचा पत्रव्यवहार, मोठ्या रुग्णालयांतून येणारे डिस्चार्जचे कागद, परिषदांची निमंत्रणे आणि परदेशी गेलेल्या कुटुंबांकडून येणारे लसीकरणाच्या दाखल्यांचे अर्ज अजून ई-मेलनेच येतात. मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांनी ई-मेलद्वारे दिलेल्या सल्ल्यालाही सल्ल्याचा एक प्रकार मानले आणि त्याची नोंद जपण्याची जबाबदारी डॉक्टरवर टाकली. म्हणजे आपली ई-मेलची पेटी हा आता आपल्या दप्तराचाच भाग आहे. दप्तर म्हटले की ते एक असावे लागते.

दप्तर दोन झाले म्हणजे काय होते, हे आम्हा बालरोगतज्ज्ञांना कोणी शिकवायला नको. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. लग्नसराईला, शेतीच्या कामाला, बाळंतपणाला ती भुसावळ गाडीने नंदुरबार, धुळे, जळगावकडे जातात आणि पुन्हा परत येतात. त्यांच्या बाळाजवळ पुष्कळदा दोन कार्डे असतात. एक सुरतेचे गुजरातीतले ममता कार्ड आणि दुसरे गावच्या उपकेंद्राचे मराठी कार्ड. दहाव्या आठवड्याची लस गावी टोचली, तर तिची नोंद मराठी कार्डावर होते आणि ते कार्ड गावी आजीच्या ट्रंकेत राहते. आई सुरतेचे कार्ड घेऊन आमच्यापुढे बसते. या कार्डावर ती जागा कोरी असते. आता डोस राहिला आहे की दिला गेला आहे? दोन्ही कार्डे आपापल्या परीने खरी आहेत, तरीही बाळाविषयीचे सत्य दोन्हींत नाही. यावर उपाय असा की नोंद एकाच जागी राहावी आणि जो तो ती तेथे जाऊन पाहावी. २०२३ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेली यू-विन ही राष्ट्रीय लसीकरण नोंदणी याच विचारावर उभी आहे. ई-मेलचा प्रश्न आणि त्याचे उत्तर नेमके हेच आहे.

टपाल उचलून नेणे आणि टपाल तेथेच वाचणे

आपल्याला आलेला ई-मेल आधी सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे सतत चालू असलेल्या मोठ्या संगणकावर, येऊन पडतो. तेथून तो आपल्यापर्यंत आणण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. एक ‘पॉप’ आणि दुसरी ‘आयमॅप’. आउटलुक किंवा थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये खाते उघडताना ही दोन नावे एकाखाली एक दिसतात आणि बहुतेक जण पहिले नाव दाबून मोकळे होतात. साऱ्या घोटाळ्याचे मूळ तेथे आहे.

पॉप या नावातच पोस्ट ऑफिस आहे. १९८४ मध्ये तिचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला, १९८८ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि १९९६ मध्ये ती आजच्या रूपात स्थिरावली. तिची रीत पोस्टातल्या खोक्यासारखी आहे. किल्लीने खोका उघडायचा, असतील तेवढी पत्रे उचलायची आणि घरी न्यायची. खोका रिकामा. पत्र आता ज्या संगणकाने उचलले, त्याचे झाले. दुसरा संगणक थोड्या वेळाने तेथे गेला तर त्याच्या हाती काहीच लागत नाही.

ही रीत मूर्खपणाची होती असे कोणी समजू नये. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले, त्यानंतरची काही वर्षे आठवावीत. मोडेम किंचाळत फोनला लागायचा, दर मिनिटाला टेलिफोनचे बिल वाढायचे आणि घरातील मंडळींना फोन हवा असायचा. अशा वेळी पत्रे झटकन उतरवून घेऊन फोन सोडणे आणि मग निवांत वाचणे हेच शहाणपणाचे होते. शिवाय सर्व्हरवरची जागा अत्यंत तुटपुंजी असे. हॉटमेलसारख्या सेवा सुरुवातीला अवघे दोन मेगाबाइट देत. एका एक्स-रेच्या चित्राने पेटी भरून जायची. १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने एक गिगाबाइट देऊ केले, तेव्हा दिवस पाहता अनेकांना ती थट्टा वाटली होती.

आयमॅपची रीत वेगळी. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये तिची आखणी केली. पत्र उचलून न्यायचेच नाही, ते सर्व्हरवरच ठेवायचे आणि आपल्या संगणकाने तेथे डोकावून पाहायचे, हा त्यांचा विचार. संगणक सोयीसाठी आपल्याजवळ एक प्रत ठेवतो, पण मूळ पत्र आणि त्यावरच्या खुणा सर्व्हरवर राहतात. पत्र वाचले, उत्तर दिले, महत्त्वाचे म्हणून चिन्ह लावले, खोडले, मसुदा अर्धा आहे, यांसारख्या सर्व खुणा तेथेच नोंदल्या जातात. घरी केलेली खूण दवाखान्यात दिसते, ती यामुळे. प्रत्येक पत्राला सर्व्हर एक क्रमांक देतो, आपल्या केसपेपरवरील नोंदणी क्रमांकासारखा. त्यावरून दोन्ही संगणक बोलतात ते एकाच पत्राविषयी, याची खात्री राहते. क्रिस्पिन २०१२ मध्ये वारले. त्यांची रीत मात्र अजून चालू आहे आणि २०२१ मध्ये तिची सुधारित आवृत्तीही प्रसिद्ध झाली. जीमेलने ही सोय २००७ मध्ये दिली. तोवर सामान्य माणसाला हे नावही ठाऊक नव्हते.

दरम्यान एक मधला मार्ग निघाला होता आणि अनेक दवाखान्यांत तो अजूनही चालतो. पॉपच्या खात्यात ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ अशी एक चौकट असते, तिच्यावर खूण करायची. मग पत्रे दोन्ही संगणकांवर उतरतात. पहिल्या आठवड्यात सारे छान वाटते. पण पॉपला खुणा कळत नाहीत. घरी वाचलेली चाळीस पत्रे दवाखान्यात ठळक अक्षरांत पुन्हा न वाचलेली म्हणून उभी राहतात. घरी खोडलेली जाहिरात दवाखान्यात जिवंत असते. सर्वांत वाईट म्हणजे पाठवलेली पत्रे. दवाखान्यातून काल दुपारी पालकांना काय लिहिले, हे रात्री घरी पाहता येत नाही, कारण ते पत्र दवाखान्याच्या संगणकाच्या पोटात आहे. जीमेलमध्ये तर आणखी एक गंमत आहे. पॉपने एका संगणकाला दिलेले पत्र ते दुसऱ्याला सहसा पुन्हा देत नाही. म्हणजे प्रत सर्व्हरवर आहे, पण दुसऱ्या संगणकावर ती उतरत नाही. पत्र आलेच नाही, अशी पाठवणाऱ्याकडे तक्रार करण्याआधी हे तपासून पाहावे. ही चौकट म्हणजे दोन लसीकरण कार्डांची फोटोकॉपी काढून प्रश्न सुटला असे मानणे आहे.

ज्यांना हा व्याप नको असेल, त्यांनी प्रोग्रॅम न वापरता ब्राउझरमध्ये थेट जीमेल किंवा आउटलुकचे पान उघडावे. तेथे पत्र सर्व्हरवरच वाचले जाते, त्यामुळे मेळ आपोआप राहतो. एका डॉक्टरच्या छोट्या दवाखान्याला माझ्या मते एवढे पुरेसे आहे. परंतु इंटरनेट खंडित झाले असता जुना अहवाल पाहता यावा, दोन-तीन खाती एकत्र दिसावीत, अशी गरज असणाऱ्यांना प्रोग्रॅम लागतो. तेव्हा तो आयमॅपवरच लावावा.

‘वाचले’ या खुणेचा धोका

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो, तिच्याकडे येतो. मेळ जमला म्हणजे सारे प्रश्न सुटले, असे संगणकवाले सांगतात. वैद्यकीय व्यवसायात मेळ जमल्यामुळेच एक नवा धोका निर्माण होतो.

नवजात बाळाची थायरॉइडची तपासणी घेऊ. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब विशेष कागदावर घेतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. जन्मतः थायरॉइड ग्रंथी काम करीत नसेल तर बाळ वरून अगदी निरोगी दिसते. शांत आहे, फार रडत नाही, म्हणून आजी कौतुक करते. पण उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर बुद्धीची वाढ जपता येते, उशीर झाला तर झालेली हानी भरून निघत नाही. गोळी अत्यंत स्वस्त आहे. महाग आहे तो वेळ.

समजा, असा एक अहवाल रात्री अकरा वाजता ई-मेलने आला. डॉक्टरांनी तो घरी मोबाइलवर उघडला, टीएसएच वाढलेले पाहिले. बाळाच्या वडिलांचा फोन नंबर दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये आहे. सकाळी फोन करू, असे ठरवून ते झोपले. पहाटे रुग्णालयातून सिझेरियनसाठी बोलावणे आले आणि ते तिकडे गेले. इकडे नऊ वाजता रिसेप्शनिस्टने दवाखान्याचा संगणक उघडला. तिची रीत अशी की ठळक अक्षरांतले, म्हणजे न वाचलेले, अहवाल तेवढे छापून फायलीला लावायचे. आयमॅपने आपले काम चोख केले आहे. रात्री वाचलेला अहवाल तिच्यापुढे साध्या अक्षरांत, वाचलेला म्हणून, दिसतो. ती पुढे जाते. पूर्वी पॉपच्या काळात तोच अहवाल तिला ठळक दिसला असता आणि तो छापून टेबलावर आला असता.

याचा अर्थ पॉप चांगले, असा नाही. पूर्वी दोन ठिकाणच्या विसंगतीमुळे योगायोगाने दुसरी तपासणी होत होती. ती योगायोगाने होत होती, म्हणून तिच्यावर विसंबणे चूक होते. मेळ जमवताना तिची जागा ठरवून केलेल्या पद्धतीने भरावी लागते. ‘वाचले’ आणि ‘कार्यवाही झाली’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि सर्व्हरला फक्त पहिली कळते. नर्सने ऑर्डर वाचली आणि इंजेक्शन दिले, यांत जो फरक, तोच येथे.

माझ्याकडे त्यासाठी काही साधे नियम ठरले आहेत. अहवालाच्या पत्रावर कार्यवाही बाकी असेल तर त्यावर तारा लावायचा. हा तारा सर्व्हरवर नोंदला जातो, त्यामुळे तिन्ही जागी दिसतो. ज्याने प्रत्यक्ष पालकांना फोन केला, त्यानेच तारा काढायचा आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहायची. दुसऱ्या कोणीही, अगदी मीही, ‘झाले असेल’ म्हणून तो काढायचा नाही. रिसेप्शनिस्टने सकाळी ठळक अक्षरे पाहायची नाहीत, तारे पाहायचे. आणि रात्री घाईत उघडलेले पत्र झोपण्यापूर्वी पुन्हा ‘न वाचलेले’ करून ठेवायचे, ही सवय मी स्वतःला लावून घेतली आहे. बोटाच्या एका स्पर्शाचे काम आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. आउटलुक व थंडरबर्डमध्ये यादीशेजारी पत्राचा मजकूर आपोआप दिसण्याची सोय असते. यादीवरून नुसते खाली सरकताना त्या पत्रावर दोन-चार सेकंद थांबलो तरी ते ‘वाचले’ म्हणून नोंदले जाते. म्हणजे डोळ्यांनी न पाहिलेले पत्रही तिन्ही जागी वाचलेले ठरते. सेटिंगमध्ये हे बंद करता येते. दवाखान्याच्या संगणकावर ते बंदच असावे. हे काम पाच मिनिटांचे आहे, तरी अनेक ठिकाणी झालेले नसते, असे माझे निरीक्षण आहे.

मेळ न जमण्याच्या बाकी कारणांचा थोडक्यात परामर्श घेतो. पाठवलेल्या पत्रांसाठी काही प्रोग्रॅम आपले वेगळे फोल्डर संगणकातच उघडतात. खाते लावताना पाठवलेली पत्रे, मसुदे आणि कचरापेटी ही तिन्ही सर्व्हरवरच्या फोल्डरशी जोडली आहेत ना, हे पाहावे. आउटलुकमध्ये संगणकावर किती महिन्यांची पत्रे ठेवायची याची मर्यादा असते. तिच्यापलीकडची पत्रे नाहीशी झाली असे वाटते, प्रत्यक्षात ती सर्व्हरवर सुखरूप असतात. जुना पासवर्ड चालेनासा झाला म्हणूनही एखादा संगणक गुपचूप मागे पडतो. गुगलने मे २०२२ पासून व्यक्तिगत खात्यांसाठी बाहेरच्या प्रोग्रॅमना नुसता नेहमीचा पासवर्ड वापरून आत येणे बंद केले, तेव्हा अनेक जुन्या संगणकांवरचे टपाल एकाएकी थांबले आणि दोष इंटरनेटला दिला गेला. नव्या प्रोग्रॅममध्ये गुगलची स्वतःची खिडकी उघडून परवानगी द्यावी लागते.

तापीचे पाणी आणि प्रतीचा प्रश्न

ऑगस्ट २००६ चा पूर सुरतेतील कोणी विसरणार नाही. उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या वर पाणी सुटले आणि ७ ऑगस्टपासून अडाजण, रांदेर, नानपुरा, अठवा, कतारगाम असे बघता बघता शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. आपल्यापैकी ज्यांचे दवाखाने तळमजल्यावर होते, त्यांनी पाणी ओसरल्यावर चिखलाने भरलेले संगणक बाहेर काढले. त्या काळी विंडोज एक्सपीवर आउटलुक एक्स्प्रेस असे आणि ते सहसा पॉपवर चाले. पत्र उतरले की सर्व्हरवरून पुसले जाई. त्यामुळे वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार, अहवाल, पालकांचे पत्ते हे सारे एका हार्ड डिस्कमध्ये होते आणि ती डिस्क तापीच्या गाळात होती. ज्यांची पत्रे सर्व्हरवर होती, त्यांनाही ते दिवस वीज नव्हती, फोन नव्हता, पण पुढे बडोद्याला किंवा नवसारीला नातेवाइकांकडे बसून त्यांना आपली पेटी जशीच्या तशी उघडता आली. नदीकाठच्या गावात दप्तर एकाच खोलीत ठेवू नये, हा धडा तेव्हा पुष्कळांनी घेतला.

परंतु येथे एक गैरसमज हटकून होतो. आयमॅपमुळे पत्र तीन ठिकाणी दिसते, म्हणजे त्याच्या तीन प्रती आहेत, असे वाटते. तसे नाही. ते एकच पत्र तीन खिडक्यांतून दिसते. एका खिडकीतून कोणी ते खोडले, तर तिन्हींतून जाते. दवाखान्यात नव्या मुलाने जागा मोकळी करण्यासाठी एक फोल्डर साफ केले, तर रात्री घरच्या संगणकानेही ते निमूटपणे साफ केलेले असते. जीमेलच्या कचरापेटीत ते तीस दिवस राहते, मग कायमचे जाते. मेळ राखणे आणि प्रत जपणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. रुग्णाच्या शिरेला लावलेली दोन सलाइन आणि रक्तपेढीत राखून ठेवलेली बाटली यांत जेवढे अंतर, तेवढे.

प्रत घेण्याचे मार्ग सोपे आहेत. ‘गुगल टेकआउट’ या सोयीने साऱ्या पत्रांची एक मोठी फाइल उतरवून घेता येते. ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर घालावी, डिस्कला पासवर्ड लावावा आणि ती दवाखान्यात न ठेवता घरी, शक्यतो वरच्या मजल्यावर, ठेवावी. मी हे वर्षातून तीनदा करतो. दुसरा मार्ग थोडा मौजेचा आहे. येथे जुन्या पॉपला पुन्हा काम मिळते. घरच्या एका जुन्या संगणकावर पॉपने खाते लावायचे, सर्व्हरवर प्रत राहील अशी सोय करायची आणि त्या संगणकाने केवळ पत्रे उतरवून साठवायची. सर्व्हरवर नंतर कोणी काहीही खोडले तरी येथे उतरलेले पत्र राहते, कारण पॉपला खोडल्याची वार्ता कळतच नाही. त्याचा जो दोष, तोच येथे गुण ठरतो. असा संगणक पत्रे वाचायला वापरू नये, एवढेच पथ्य.

किती काळ जपावे, हाही प्रश्न येतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवावी लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ती ७२ तासांत द्यावी लागतात. बालरुग्णांच्या बाबतीत मी एवढ्यावर थांबत नाही. तीन वर्षांच्या मुलाचा अहवाल त्याच्या दहाव्या वर्षी लागतो, असा आमचा अनुभव आहे. साठवायला जागा आता स्वस्त आहे. मात्र जीमेलची पंधरा गिगाबाइट जागा फोटो आणि इतर फाइलींमध्ये वाटली जाते. नातवंडांच्या चित्रफितींनी ती भरली की नवे पत्र येणे थांबते. तसेच दोन वर्षे न उघडलेले खाते गुगल पुसू शकते, हे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आहे. जुन्या दवाखान्याच्या नावाचे एखादे विसरलेले खाते असेल तर ते आजच उघडून पाहावे.

काहींच्या घरी जुन्या संगणकात पॉपने उतरवलेली दहा-बारा वर्षांची पत्रे अजून पडून आहेत. तीही एका पेटीत आणता येतात. त्या संगणकाच्या पत्रांच्या फाइलींची आधी जशीच्या तशी प्रत काढावी. मग थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये जुनी पत्रे घ्यावीत, त्यातच आयमॅपचे खाते उघडावे आणि जुन्या फोल्डरमधून नव्या फोल्डरमध्ये पत्रे ओढून टाकावीत. ती सर्व्हरवर चढतात आणि मग सगळीकडे दिसू लागतात. एकदम सारी ओढू नयेत. पाचशे-पाचशेच्या तुकड्यांनी, रात्री, धीराने करावे. काम कंटाळवाणे आहे, पण ते एकदाच करायचे आहे. विंडोज १० चे पाठबळ ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वसाधारणपणे थांबले, त्यामुळे बऱ्याच दवाखान्यांत संगणक बदलण्याची वेळ आलीच आहे. जुना भंगारात देण्यापूर्वी हे उरकावे आणि त्यानंतर त्याची डिस्क पुसून अथवा फोडून टाकावी. तिच्यावर शेकडो कुटुंबांची खासगी माहिती असते.

खासगीपणाचे एवढे सांगितलेच पाहिजे. तीन जागी उघडणारे टपाल म्हणजे तीन दारे. घरचा संगणक मुले-सुना वापरतात, दवाखान्याचा कर्मचारी वापरतात, मोबाइल रिक्षात विसरतो. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायदा राहू द्या, पण एचआयव्हीचा अहवाल शेजारच्या मुलीने वाचावा, हे आपल्यापैकी कोणालाच रुचणार नाही. दवाखान्याचे खाते वेगळे आणि स्वतःचे वेगळे असावे. कर्मचाऱ्यांना पहिल्याचाच प्रवेश द्यावा. दोन टप्प्यांची पडताळणी लावावी. घरच्या संगणकावर प्रत्येकाचे विंडोज खाते निराळे असावे. कर्मचारी सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदलावा आणि ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हे बटण दाबावे. फोन हरवला तरीही हेच करावे.

आपल्याकडे मेळ खरोखर आहे की नाही, हे पाहायला तज्ज्ञ लागत नाही. एखाद्या रविवारी दवाखान्याच्या संगणकावर बसून स्वतःलाच एक पत्र पाठवावे, ते उघडावे, त्यावर तारा लावावा, दुसऱ्या एका पत्राचा अर्धा मसुदा लिहून सोडावा आणि तिसरे एक निरुपयोगी पत्र खोडावे. मग घरी येऊन संगणक उघडावा. पहिले पत्र वाचलेले व तारांकित दिसले पाहिजे, ते पाठवलेल्या पत्रांतही असले पाहिजे, मसुदा जेथे सोडला त्या शब्दावर थांबलेला असला पाहिजे आणि तिसरे पत्र कचरापेटीत सापडले पाहिजे. यांपैकी एक जरी गोष्ट चुकली तरी खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पॉप आहे की आयमॅप, हे प्रथम पाहावे. मग घरी बसून तो मसुदा पूर्ण करावा, पाठवावा आणि सोमवारी सकाळी रिसेप्शनिस्टला तो दवाखान्यात शोधून दाखवायला सांगावे.